चपला बाहेर काढून शिकलेले शब्द

पहिल्या दिवशी आम्हाला जी व्याख्या उतरवून घ्यायला लावली, ती मला अजून पाठ आहे आणि तिचा राग अजून येतो. 'कॉम्प्युटर इज ॲन इलेक्ट्रॉनिक डिव्हाइस' अशी सुरू होऊन ती चांगली चार ओळी चालायची. सर एकेक शब्द सावकाश सांगत आणि आम्ही वीसेक मुलं-मुली माना खाली घालून लिहीत असू. ज्या यंत्राची ती व्याख्या होती, ते यंत्र शेजारच्या काचेच्या खोलीत होतं. त्याच्यावर फुलाफुलांचं प्लास्टिकचं आवरण होतं आणि दसऱ्याला लावलेलं कुंकू त्या आवरणावर सुकून गेलं होतं. महिना उलटला तरी आमच्यापैकी कोणी त्याला हात लावला नव्हता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावात स्टँडजवळ एका कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर हा क्लास होता. मी फैजपूरजवळच्या एका खेड्यातली, केळी पिकवणाऱ्या घरातली. बी.कॉम. झाले होते आणि घरी बसायचं नव्हतं. माझ्या वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, आम्हीही नानाच म्हणायचो. क्लासला जाते म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मले इतकं सांग, ते शिकून तू काय करशीन?"

"शिकल्यावर सांगते," मी म्हटलं.

ते हसले आणि गेले बागेत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला खरोखरच ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर शिकलेल्याला नोकरी लागते, एवढंच सगळे म्हणत होते.

माझ्याबरोबर कॉलेजातली एक मैत्रीण होती. ती यावलची. तिचे वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. घर बौद्ध, पोरांनी शिकायचंच हा त्या घराचा नियम. ती यावलच्या गाडीने येई, मी फैजपूरच्या. जळगावच्या स्टँडवर जी आधी पोचे ती दुसरीची वाट बघे आणि मग आम्ही दोघी जिना चढत असू. वर दाराबाहेर चपला काढायच्या. आत गालिचा होता आणि वातानुकूलन होतं. त्या थंडगार हवेत शिरताना मला देवळात शिरल्यासारखं वाटे आणि तेच मला खटकत असे. देवळातही गाभाऱ्यात सगळ्यांना सोडत नाहीत.

सर पंचविशीचे असतील. टाय लावत. मराठी बोलत, पण ते पेपरात छापल्यासारखं, कुठल्याच गावचा वास नसलेलं. आपण पुण्यात शिकलो असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

एके दिवशी ते मेमरीचे प्रकार सांगत होते. रॅम आणि रॉम. रॅम म्हणजे रँडम ॲक्सेस मेमरी, असं फळ्यावर लिहून ते पुढे निघाले. मी हात वर केला.

"सर, मेमरी म्हणजे आठवणच ना? यंत्राला आठवण राहते म्हणजे काय होतं?"

सर थांबले. "मराठी मीडियम का?"

"हो."

वर्ग हसला. हसणारे सगळे मराठी मीडियमचेच होते! सावद्याचे, एरंडोलचे, पाचोऱ्याचे. माझ्या मागे बसलेला मुलगा तर आमच्याच कॉलेजात माझ्याच वर्गात होता. तोही हसला. आपल्यापैकी कोणाला तरी हसलं की आपण त्या काचेच्या खोलीच्या जरा जवळ जातो, असं त्या दिवशी प्रत्येकाला वाटलं असावं. माझे कान तापले. मी वहीत 'रँडम ॲक्सेस मेमरी' असं लिहिलं आणि त्याखाली इतकी जोरात रेघ मारली की पान फाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात व्हायरस आला. म्हणजे धडा आला. कॉम्प्युटरला व्हायरस लागू शकतो, तो लागला की सगळी माहिती नष्ट होते, म्हणून ही खोली स्वच्छ ठेवतात, म्हणून चपला बाहेर, असं सर म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला चार-चार जणांना काचेच्या खोलीत नेऊन यंत्र दाखवायचं ठरलं होतं. आमची पाळी आली. माझ्या मैत्रिणीला सर्दी झाली होती. आत पाऊल टाकताच तिला शिंक आली.

"तू बाहेर थांब," सर म्हणाले. "मशीनला इन्फेक्शन व्हायला नको."

ती बाहेर जाऊन उभी राहिली. मी आत होते, यंत्र सुरू झालं होतं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकत होती, आणि मला काचेपलीकडे तिचा चेहरा दिसत होता. मीही बाहेर यायला हवं होतं, हे मला पायऱ्या उतरताना सुचलं.

खाली स्टँडवर आम्ही उसाचा रस घेतला. ती पेल्यातल्या बर्फाकडे बघत म्हणाली, "माझ्या आजीला विहिरीवर चढू देत नव्हते. त्याला त्यांच्याकडे एक शब्द होता. आता हा नवीन शब्द आला."

"अगं, त्याने सर्दीमुळे म्हटलं," मी म्हणाले.

"सर्दीमुळेच म्हटलं असेल. पण तो शब्द म्हणजे काय ते त्याला तरी माहीत आहे का? ज्याचा अर्थ सांगत नाहीत, त्या शब्दाने माणसाला बाहेर काढणं फार सोपं असतं."

तिचं म्हणणं मला त्या दिवशी पूर्ण पटलं नव्हतं. पुढे पटलं.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं. सर हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरमधला फरक लिहून देत होते आणि दार उघडून एक बाई आत डोकावली. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, एका डोळ्याला हिरवी पट्टी. डोळ्याच्या दवाखान्यातून आली होती हे दिसतच होतं. तिने वर्गावरून नजर फिरवली आणि आमच्याकडे बघत विचारलं, "मना पोऱ्या आठेच शिकाडस ना?"

धरणगावकडची बोली. माझा मुलगा इथेच शिकवतो ना, असं ती विचारत होती. आम्ही सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा पडला होता. ते झपाझप दाराशी गेले आणि हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, तू खाली दुकानात बस. आत येऊ नको, धूळ येते. माझं झालं की मी येतो."

"बरं, बरं," ती म्हणाली. तिला जराही वाईट वाटल्याचं दिसलं नाही आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं. दुकानापर्यंत काही ती गेली नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवरच पिशवी मांडीवर घेऊन बसली. सरांनी दार लावून घेतलं. सॉफ्टवेअर म्हणजे सूचनांचा संच, असं इंग्रजीत पुढे सुरू झालं.

थोड्या वेळाने खालून सरांना फोन आल्याचा निरोप आला. ते आपल्या आईच्या बाजूने जिना उतरून गेले. माझी मैत्रीण उठली. तिने दार उघडलं आणि त्या बाईंना हात दिला.

"या आई, आत या. इथे थंड आहे."

"नको वं माय, धूळ येस म्हणे."

"येऊ दे धूळ. या तुम्ही."

बाईंनी चपला मात्र काढल्याच. भिंतीला लावून नीट जोडून ठेवल्या. वर्ग टकामका बघत होता. मैत्रीण तिला सरळ काचेच्या खोलीत घेऊन गेली, मागोमाग मी. यंत्रासमोर सरांची फिरती खुर्ची होती, तिच्यावर बाईंना बसवलं. मैत्रिणीने प्लास्टिकचं आवरण काढलं आणि बटण दाबलं. मेकॅनिकची मुलगी ती, बटण कुठलं हे तिला त्या एकाच दिवशी काचेबाहेरून बघून कळलं होतं. यंत्र घरघरलं. अक्षरं वर सरकली आणि शेवटी काळ्या पडद्यावर एक बारीक रेघ लुकलुकत राहिली.

"हाई काय शे?" बाईंनी विचारलं.

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मला उत्तर देणं भाग होतं. माझी बोली पूर्वेकडची, बाईंची धरणगावची. मी दोन्हींची मिसळ करून बोलायला लागले.

"आई, ही रेघ वाट पाहते. ती म्हणते, काय करू ते सांगा. याले स्वतःचं डोकं नाही. सांगशीन तितकंच करते."

"मंग मना पोऱ्या काय करस?"

"त्याले काम कसं सांगा लागते, ते आम्हाले शिकवतात."

बाईंनी मान हलवली. हे तिला पटण्यासारखं होतं. सालदाराला काम सांगायलाही अक्कल लागते, असं ती म्हणाली.

"अन् ह्या पेटीले आठवन ऱ्हास म्हणे. पोऱ्या एकदाव बोलना व्हता."

तोच प्रश्न! ज्याच्यासाठी वर्ग मला हसला होता तोच. मी बोलत गेले. "आई, तुम्ही अंगणात खाटेवर ज्वारीचे बिबडे वाळत घालता ना? खाटेवर हायेत तोपर्यंत ते हाताखाली असतात, उलटे करा, उचला, काही करा. पण वावटळ आली तर गेले. डब्यात भरले तर वरीसभर टिकतात. हे पण तसंच. आत्ता समोर जे चाललंय ते खाटेवरचं. लाईट गेली की गेलं. टिकवायचं असलं तर डब्यात भरा लागते. त्या भरण्याले सेव्ह करणं म्हणतात. अन् हा पाहा डबा." टेबलावर पडलेली चौकोनी काळी फ्लॉपी मी तिच्या हातात दिली.

हे मी बाईंना सांगत होते, पण सांगता सांगता मला स्वतःला रॅम कळली. महिनाभर पाठ केलेला शब्द त्या क्षणी माझा झाला. आणि आनंद व्हायच्या जागी मला संताप आला. एवढंच होतं हे? एवढंच सांगायला कोणाच्या जिभेला काय झालं होतं?

बाई फ्लॉपी उलटसुलट करून बघत होती. मैत्रिणीने तिला तिचं नाव विचारलं आणि एकेक अक्षर शोधून टाइप केलं. पडद्यावर ते इंग्रजी अक्षरांत उमटलं, मराठी त्या यंत्रात नव्हतीच.

"हाई मनं नाव शे?" तिने काचेला बोट लावून विचारलं.

"हो आई, तुमचंच."

तेवढ्यात सर दारात उभे दिसले. त्यांची आई त्यांच्या खुर्चीवर, तिचं बोट पडद्यावर, आणि आवरण खाली जमिनीवर. त्यांनी आधी आवरण उचललं. बाईंना मात्र आनंद झाला होता.

"इतलं सोपं शे व्हय? मंग माले आजवर काबर नही सांगं रे भाऊ?"

रागावून नाही, कौतुकानेच तिने लेकाला विचारलं. सर म्हणाले, "चल, गाडी चुकेल." यंत्र त्यांनी स्वतः बंद केलं. तिचं नाव डब्यात भरलेलं नव्हतं, ते गेलं. जाताना बाईंनी आमच्या दोघींच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या मालकांनी आम्हाला बोलावलं. ते मोठ्या टेबलामागे बसले होते आणि सर बाजूला उभे होते.

"परवानगीशिवाय मशीन चालू केलं? बाहेरच्या माणसाला आत आणलं? काही झालं असतं म्हणजे?"

"काय झालं असतं?" मैत्रिणीने विचारलं.

"काय म्हणजे? व्हायरस वगैरे."

"व्हायरस म्हणजे काय असतं, ते सांगता का? आम्ही महिनाभर विचारतोय."

मालकांनी सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत राहिले. त्या खोलीत चार माणसं होती आणि ज्या शब्दाने आम्हाला काढून टाकायचं ठरलं होतं, त्याचा अर्थ चौघांपैकी एकालाही धड माहीत नव्हता. "उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले. आपल्या आईला कोणी सावलीत बसवलं होतं, एवढं म्हणायलाही सरांची जीभ उचलली नाही. मला तेव्हा मालकांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

घरी सांगितल्यावर नाना चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हातारीले जिन्यात बसवलं? मंग तुम्ही बरं केलं."

जळगावात लग्नपत्रिका छापणारे एक भाऊ होते. त्यांनी नुकताच मराठी अक्षरं जुळवणारा कॉम्प्युटर घेतला होता आणि लग्नसराईत त्यांना हात कमी पडत होते. मैत्रिणीच्या वडिलांची त्यांच्याशी ओळख निघाली. आम्ही दोघी तिथे पत्रिका टाइप करायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मी कळफलकावर बोट ठेवायला घाबरत होते. भाऊ पान लावत होते, तिथूनच म्हणाले, "दाबा हो ताई, दाबल्याने मरत नाही ते. चुकलं तर खोडता येतं, म्हणून तर घेतलंय." खरं शिक्षण माझं तिथे झालं. चिरंजीव आणि चि.सौ.कां. लिहिता लिहिता फाईल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, कॉपी करणं, पुसून टाकणं, सगळं आपोआप हाताखालून गेलं. ट्रंकेत गाठोडी असतात, गाठोड्यात लुगडी. ट्रंक म्हणजे डिस्क, गाठोडं म्हणजे फोल्डर, लुगडं म्हणजे फाईल. त्याच्या बाहेर दुसरं काही नाही.

व्हायरसही तिथेच भेटला. कोणीतरी बाहेरून फ्लॉपी आणली, ती लावली आणि दोन दिवसांत भाऊंच्या निम्म्या पत्रिका उघडेनात. भाऊ कपाळाला हात लावून बसले. दुरुस्तीला आलेल्या माणसाने सांगितलं, की हा जंतू नसतो, कोणीतरी मुद्दाम लिहिलेला उपद्रवी प्रोग्रॅम असतो आणि तो फ्लॉपीतून एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. धुळीचा आणि शिंकेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी घरी गेले. नाना मोरीवर हात धूत होते. मी त्यांना म्हटलं, "नाना, आपण रोगट बागेतून कंद आणून लावले तर काय होईल?"

"काय होईन? आपल्या बागीत रोग येईन."

"बस. हाच व्हायरस. फ्लॉपी म्हणजे कंद."

"म्हंजे आणताना कंद पाहून घ्या लागते," नाना म्हणाले आणि पंच्याला हात पुसून जेवायला बसले. हात धुवून होईपर्यंत त्यांना जे कळलं, त्याच्या नावाखाली माझ्या मैत्रिणीला काचेबाहेर उभं केलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सर पुन्हा एकदाच भेटले, तीन-चार वर्षांनी, जळगावच्या स्टँडवर. टाय नव्हता. क्लास सोडून कुठल्याशा जिनिंगच्या ऑफिसात लागलो, असं म्हणाले. मग म्हणाले, "आई तुमची आठवण काढते. बिबड्यांची गोष्ट सगळ्या गल्लीला सांगते."

"तुम्ही तिला पुढचं सांगितलं की नाही?"

"मलाच कुठे कळलं होतं हो," ते म्हणाले. "मला पण असंच लिहून दिलं होतं. विचारलं की हसायचे. वाटायचं, पोरांना कळलं की मला कळलेलं नाही, तर नोकरी जाईल." हे ते धरणगावच्या सुरात बोलले, पहिल्यांदाच. त्यांच्यावरचा माझा राग तिथे संपला. पण एकूण राग काही कमी झाला नाही. तो मग कोणावर काढायचा तेवढं कळेनासं झालं.

लग्न होऊन मी धुळ्याला आले. मैत्रीण परीक्षा देऊन धुळ्यातच एका सरकारी कचेरीत लागली होती, म्हणून ते गाव मला परकं वाटलं नाही. गल्लीत एका बाईंचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटरचे दिवस संपत आले होते, बाईंनी धाडस करून कॉम्प्युटर घेतले आणि बायकांच्या बॅचला मला शिकवायला ठेवलं. दाराशी चपला काढायच्या नाहीत, ही माझी पहिली अट होती. बाईंना तिचं कारण कळलं नाही, पण त्यांनी मान्य केली.

दशक सरता सरता इंटरनेट आलं आणि त्याच्याबरोबर शब्दांचा नवा लोंढा आला. या वेळी आणखी एक भिंत उभी राहिली. कोणीतरी मराठीत शब्द करून एक पुस्तिका काढली होती. मध्यवर्ती प्रक्रियक, आंतरजाल, आज्ञावली. माझ्या बॅचमधल्या अंगणवाडीच्या ताई ते वाचून म्हणाल्या, "मॅडम, यापेक्षा इंग्रजी बरं." मला मराठीच्या नावाने होणारा हा छळ इंग्रजीच्या छळाइतकाच वाईट वाटला. दोन्हीकडे शब्द होते आणि दोन्हीकडे सांगणारा माणूस नव्हता.

मी मला येत होतं तसं सांगत गेले. मोडेम म्हणजे दुभाष्या. टेलिफोनच्या तारेला आवाज कळतो, कॉम्प्युटरला आकडे कळतात, हा मध्ये बसून याचं त्याला सांगतो. जोडणी होताना जी किरकिर ऐकू येते ती दोन दुभाष्यांची ओळखपाळख चाललेली असते. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. मागेल त्याला मागेल ते आणून वाढतो, आणि पंगत मोठी झाली की त्याची धांदल उडते, मग पान उघडायला वेळ लागतो. वेबसाइट म्हणजे कोणीतरी मांडून ठेवलेलं दुकान, आणि वरच्या पट्टीत लिहायचा तो त्याचा पत्ता. डाउनलोड म्हणजे एस.टी.च्या टपावरचं सामान खाली उतरवून घेणं. पासवर्ड म्हणजे किल्ली. आपली आपल्याकडेच ठेवायची, नवऱ्यालाही द्यायची की नाही ते आपण ठरवायचं. यावर बॅच फार हसे.

त्या बॅचमध्ये पन्नाशीची एक बाई होती. देवपुरात विद्यार्थ्यांची खानावळ चालवायची. सगळे तिला अक्का म्हणत. तिचा जावई तिला म्हणाला होता, "इंटरनेट तुमच्या डोक्यात नाही शिरणार." दुसऱ्या दिवशी ती नाव घालायला आली. भाकऱ्या आटोपून, अंगाला कांदा-लसणाचा वास घेऊन ती यायची आणि दोन बोटांनी, पण ठामपणे टाइप करायची. महिन्याभरात ती जावयाला ई-मेल पाठवायला लागली. पहिल्यात तिने एकच ओळ लिहिली होती: शिरलं.

वर्षाच्या अखेरीस परीक्षा होती. लेखी, प्रत्यक्ष काम आणि तोंडी. तोंडीला बाहेरगावचे परीक्षक आले. मी दाराशी उभी होते. अक्काची पाळी आली.

"व्हॉट इज रॅम?" परीक्षकांनी विचारलं.

"लाईट गई की जे जास ते," अक्का म्हणाली. "आन सेव्ह करं की जे ऱ्हास ती डिस्क."

परीक्षक हसले. बाजूच्या कारकुनाकडे बघून हसले. "डेफिनिशन सांगा, डेफिनिशन."

"तेच सांगं ना मी."

त्यांनी कागदावर काहीतरी आकडा टाकला आणि "नेक्स्ट" म्हणाले. मी आत गेले. त्या वेळी मी सात महिन्यांची गरोदर होते आणि इन्स्टिट्यूटच्या बाईंनी मला मागून पदर ओढून थांबवायचा प्रयत्न केला, पण मी थांबले नाही.

"सर, तिचं उत्तर बरोबर आहे की चूक?"

"मॅडम, भाषा बरोबर नाही."

"मी भाषा विचारली नाही. उत्तर बरोबर की चूक?"

"असं उत्तर पुस्तकात नाही."

"पुस्तकात नसेल. कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे ना? वीज गेल्यावर काय जातं, सांगा तुम्ही."

ते कागद आवरत म्हणाले, "हे बघा, उद्या हिला नोकरीला कोणी विचारलं तर ती हेच सांगणार का?"

"ती नोकरीला जाणार नाही. ती नोकरीवाल्यांना जेवू घालते," मी म्हणाले. "आणि नोकरीला जाणाऱ्या मुलींनी तरी हे का सांगू नये? तुम्ही तिला यंत्रावर बसवा. फाईल करायला सांगा, जपून ठेवायला सांगा, पत्र पाठवायला सांगा. तिने केलं नाही तर खुशाल नापास करा."

त्यांनी बसवलं. अक्काने सगळं केलं, दोन बोटांनी, न घाबरता. परीक्षक मागे उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी तोंडीचा आकडा बदलला की नाही, ते मला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर अक्का पेटली होती. रस्त्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्याले म्हना, मन्ह्या खानावळमा ये. आधी भाजीनं नाव इंग्रजीमा सांग, तवय वाढसू!" मैत्रीण कचेरीतून सुटून आम्हाला भेटायला आली होती. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मला हसू आलं नाही.

निकाल लागला. अक्का पास झाली, तोंडी परीक्षेत काठावर. जिला इंग्रजीतल्या व्याख्या घडाघडा म्हणता येत होत्या आणि फाईल कुठे ठेवली ते सापडत नव्हतं, तिला वरची श्रेणी मिळाली. मी परीक्षा घेणाऱ्यांना तक्रार लिहून पाठवली. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवली, तेव्हाही आलं नाही.

अक्काचं प्रमाणपत्र घेऊन मी स्वतःच देवपुरात गेले. दुपारची पंगत बसली होती. ती शेवभाजीचं पातेलं घेऊन फिरत होती. मला बघून तिने पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि जाड कागद उजेडाकडे धरला. सोनेरी किनार, शिक्का, सह्या.

"यावर काय लिखेल शे?"

मी बघितलं. सगळं इंग्रजीत होतं. तिचं नाव इंग्रजीत, तिला काय काय येतं ते इंग्रजीत, ती कुठल्या कसोटीला उतरली तेही इंग्रजीत.

"बठ्ठं इंग्रजीमा?" तिने विचारलं.

"बठ्ठं."

"मंग वाच ना तू. माले सांग, माले काय येस ते."

मी एकेक ओळ वाचून तिला अर्थ सांगत गेले. तिसऱ्या ओळीला माझा आवाज इतका चढला की जेवायला बसलेली मुलं घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागली.